करकंबच्या विहिरीतली वाम

जानेवारीतल्या जोडून आलेल्या सुट्ट्यांना मालवण ठरलं होतं. समुद्रात डायव्हिंग, रंगीत मासे, भरपूर फोटो. तेवढ्यात करकंबहून नलूमावशीचा फोन आला.

"तुज्या काकांनी हिरीच्या पायऱ्यांवर बाभळीच्या फांद्या टाकल्यात. साप बगितला म्हन्त्यात. मला तर मासा वाटतोय. तुजा त्यो पान्यातला कॅमेरा घिऊन ये."

मी मालवण रद्द केलं. याच विहिरीत मावशीने पाठीला डबा बांधून मला पोहायला शिकवलं. गावातल्या पोरी अजूनही उन्हाळ्यात तिच्याकडेच शिकतात. सापाचं कळल्यावर मात्र त्यांच्या आयांनी यंदा पाठवणार नाही असं सांगून टाकलं होतं. मावशीला ते फार लागलं होतं.

कुणाला जायचंच असेल तर सोलापूरहून पुणे हायवेने मोडनिंब गाठा आणि तिथून डावीकडे वळा. या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकायला होतंच. चिडू नका, मोडनिंबला गरम भजी खाऊन घ्या. खर्च पेट्रोलचा आणि भज्यांचा. मुक्काम मावशीकडे, पण तो तुम्हाला मिळायचा नाही.

काकांनी विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीचा फ्यूज काढून खिशात ठेवला आणि माझ्या कमरेला दोर बांधला. या दोन गोष्टी केल्याशिवाय कुणाच्याही विहिरीत उतरू नका. बाभळी बाजूला सारून मी मास्क लावला, श्वास भरला आणि बुडी मारली. थंडीत विहिरीचं पाणी इतकं नितळ असतं की खालचे दगड दिसतात. पण उत्साहाच्या भरात माझा पाय तळाला लागला आणि सगळा गाळ उठला. फोटोत आलं ते फक्त एक लांबलचक शेपूट.

काकांनी कॅमेरा डोळ्यांजवळ धरला. "शेपटीवरनं काय कळतंय? सापालाबी शेपूटच असतंय की!"

"मग तुमी उतरा की खाली," मावशी म्हणाली.

काकांनी विषय बदलला.

गाळ खाली बसेपर्यंत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही झालं. दुपारी ऊन थेट पाण्यात उतरलं. या वेळी मी तळाला स्पर्शही केला नाही. दोर धरून दगडांच्या कपारीसमोर नुसती लोंबकळत राहिले. श्वास संपला की वर, पुन्हा खाली. कितव्या बुडीला कोण जाणे, कपारीतून एक टोकदार तोंड बाहेर आलं. मागोमाग अंगावरची सुंदर तपकिरी नक्षी. आणि डोक्यामागे, पंख्यासारखा हलणारा छोटासा पर, सापाला कधीच नसतो तो! मी बटण दाबतच राहिले. समुद्रातही मी कधी इतकी हरखले नव्हते.

वर येऊन मी ओरडले, "वाम आहे! मासा आहे, मावशी!"

काकांनी फोटो मोठा करून करून पाहिला. "पर हायती की ह्येला," ते हळूच म्हणाले. "कालव्याच्या पान्यातनं आली आसंल." मग त्यांनी एकेक फांदी उचलून बांधावर नेऊन टाकली. शेवटची फांदी हलली तशी मावशीने कासोटा घातला आणि साठी उलटलेल्या त्या बाईने थेट काठावरून सूर मारला! मी कॅमेरा परत घेऊन पाण्यातच होते. बुडबुड्यांच्या ढगातून हात पुढे करून येणारी मावशी मला पाण्याखालून टिपता आली.

वामीचा फोटो काकांनी गावभर फिरवला. ऑफिसात तो पाहून सगळे मला विचारतात, अंदमानचा का? मी मान ताठ करून सांगते, करकंबचा. माझ्या घरात मात्र भिंतीवर मावशीच लावली आहे. मालवणला अजून गेलेले नाही आणि त्याचं दुःखही नाही. आपल्या जिल्ह्यातल्या पाण्यात इतकं काही असताना आपण लांबच का पळतो, हा प्रश्न तेवढा राहिला आहे.

परवा, ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी, मावशीला फोन केला. तिचं बोलणं धड ऐकूच येत नव्हतं, मागे नुसता किंचाळ्यांचा आणि पाण्याचा दंगा.

"नंतर कर गं," ती ओरडली, "पोरी पान्यात हायती!"