रोझीमावशीची गेरूची रेघ

आजाराला समोर उभं करून झापायची सवय मी एकाच बाईत पाहिली, ती म्हणजे वसईजवळच्या होळी गावातली आमची शेजारीण, रोझीमावशी. माझ्या कमरेला नागीण उठली तेव्हा ती पालकाच्या जुड्या बांधता बांधता गेरूची वाटी घेऊन आली. नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस संपतो, हे मला कुणीतरी सांगितलेलं. मी मनातल्या मनात मृत्युपत्रही केलं होतं.

"सदरा वर कर. लाजतोस काय, तुझं पोट काय नवीन आहे?" असं म्हणत मावशीने बेंबीवरून एक उभी रेघ ओढली, पाठीच्या कण्यावरून दुसरी. मग नागिणीला दम दिला, "ही रेघ ओलांडलीस तर माझ्याशी गाठ आहे!"

नागिणीने रेघ ओलांडली नाही. बायकोने पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे नेऊन गोळ्या सुरू केल्या होत्या, ते मी मावशीला सांगितलं नाही. श्रेय मावशीला गेलं आणि खूश होऊन तिने दिलेली पपई आमच्या घरी आली.

पुढच्या वर्षी मावशीच्याच कपाळावर उजवीकडे फोड आले. तिने आरशात बघून भुवईवर आडवी रेघ मारली, दमही दिला. संध्याकाळी नाकाच्या शेंड्यावर फोड! डोळा लाल. याच डोळ्याने ती वाडीतल्या केळीच्या घडांवर आणि माझ्यावर पाळत ठेवायची.

"मावशी, डोळा जाईल."

ती आरशाकडे बघत राहिली. "निर्लज्ज आहे मेली. मला जुमानत नाही. रिक्षा बोलव."

वसईच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तातडीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला चिठ्ठी दिली. "थंड ओलं फडकं ठेवा, फोड फोडू नका, त्यांवर गेरू नको. आणि विळख्याला घाबरू नका. नागीण शक्यतो एकाच बाजूला राहते, शरीराची मधली रेघ सहसा ओलांडत नाही."

मी मावशीकडे बघितलं. बेंबी आणि कणा! इतकी वर्षं गावातल्या प्रत्येक नागिणीला रेघ बरोब्बर तिथेच.

डोळा वाचला. नंतर रेघ मारण्याआधी ती प्रत्येकाला दरडावायची, "गोळ्या दाखव आधी. उगाच माझा गेरू फुकट नको." पण त्या दिवशी डॉक्टरांकडून परतताना रिक्षात तिने पिशवीतून गेरू काढून माझ्या ओठांवर आडवी रेघ ओढली होती. "डॉक्टर काय बोलला ते हिच्या बाहेर आलं तर बघ!"

गेल्या वर्षी मावशी गेली, दोन्ही डोळ्यांनी शेवटपर्यंत पाळत ठेवून. ती रेघ मी आज ओलांडतोय. लिहिताना दोनदा मागे वळून पाहिलं.