फिक्सरची बाटली आणि आईचे पंजे

मी फिल्म आधी फिक्सरमध्ये घातली. फोटो धुणाऱ्याला एवढं पुरे, इतरांसाठी सांगतो. आधी डेव्हलपर, त्यात चित्र उमटतं. मग फिक्सर, तो उरलंसुरलं धुऊन काढतो. क्रम चुकला की फिक्सर चित्रासकट सगळं धुऊन नेतो. त्या फिल्मवर माझ्या आईचे हात होते.

बाबा जिनिंग मिलमध्ये बॉयलरवर होते. खंडेनवमीला बॉयलरची पूजा व्हायची, घरच्या बायका यायच्या आणि गेरूत हात बुडवून भट्टीच्या दाराशेजारी पंजे उठवायच्या. आईने शेवटचे पंजे उठवले त्याच वर्षी मिल बंद पडली, म्हणून ते राहिले. पुढे चुना मारायला कोणी उरलंच नाही. मग आईही गेली. आता बाबा शनवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात खाटेला खिळलेले. मिल पाडताहेत हे त्यांना पडल्यापडल्या कळलं.

"तुझ्या आईचे हात हायेत तिथं," ते म्हणाले. "काढून आन. मोबाइलनं काढ, झालं."

मोबाइलनं? बंद कारखान्यांचे काळे-पांढरे फोटो काढत आयुष्य घालवलेला मी. "मोबाइलचा फोटो म्हणजे फोटो नव्हे, बाबा," मी म्हणालो. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गेलो. फुटक्या पत्र्यातून उन्हाचे पट्टे आत पडले होते आणि चिमणीची सावली अंगणभर आडवी झाली होती. मी हरखलो. उभी चिमणी, आडवी चिमणी, खालून चिमणी. आईच्या वाट्याला रिळाच्या शेवटच्या दोन फ्रेम आल्या. मोबाइल सगळा वेळ खिशात होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी न्हाणीघराच्या दाराच्या फटींत चादरी कोंबल्या. बायको बाहेरून म्हणाली, "अहो, दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. चिठ्ठ्या लावा त्यांना."

"फिक्सरला आंबूस वास येतो. नाकाला कळतो."

"नाक तर कालपासून चोंदलंय तुमचं."

फिल्म बाहेर आली ती काचेसारखी स्वच्छ. उलटी धरली, सुलटी धरली, आडव्या उजेडात धरली. मग स्कूटर काढली आणि वाटेत देवाला जे काय सांगायचं ते सांगत मिलपर्यंत गेलो.

बॉयलरची खोली नव्हती. ढीग होता. जेसीबीवाला म्हणाला, "काका, वो दीवार तो सुबह ही गिरा दी."

मी ढिगात शिरलो आणि गेरू शोधू लागलो. हे करून पाहायचं असेल तर सांगतो, पडक्या विटांच्या ढिगात लाल रंग शोधायला जाऊ नये. सगळ्या विटा लालच असतात. एकेक उचलून शर्टाला पुसत होतो. एकीवर बोटासारखं काही दिसलं, थुंकी लावली तर ते माझंच रक्त.

"क्या ढूँढ रहे हो?"

"माँ का हाथ," मी म्हणालो.

त्याने मशीन बंद केली आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने खाली उतरला. त्याला समजावता समजावता मला रडू फुटलं. तो बिचारा मग माझ्याबरोबर विटा उलटत बसला. त्याला काही सापडलं नाही. मलाही नाही.

घरी आलो तर बाबा उशीला टेकून बसलेले. चष्मा पुसून तयार. बायकोनेच उठवून बसवलं होतं. मी जे होतं ते हातात दिलं. त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश सरकवत नेली. शेवटाला पोचल्यावर पुन्हा एकदा मागे आणली. मी विटांचं सांगितलं, सर्दीचं सांगितलं, बाटल्यांचंही सांगितलं.

त्यांनी फिल्म गुंडाळून माझ्या हातात परत दिली.

"तुला बॉयलरवर लावून घ्या म्हनून साहेबाला दोनदा बोललो होतो मी," ते म्हणाले. "बरं झालं नाही घेतलं. मिल तेव्हाच उडाली असती."