माठावरची रोटी आणि माझं मनगट

बडनेऱ्याला गाडीतून उतरताना एका गृहस्थांनी माझी बॅग घ्यायला हात पुढे केला आणि मी त्यांच्यावर जवळजवळ खेकसलेच. बिचारे! पावसाळ्यात अंगणात घसरून माझं उजवं मनगट मोडलं, तेव्हापासून मदतीला येणाऱ्या हातांना मी किती कंटाळले होते, हे त्यांना काय ठाऊक? प्लास्टर निघालं, तरी हाताला जोर येईना. बंगळुरूच्या मुलाने माझ्यासाठी खोली रंगवून घेतली. "आई, पुण्यात एकटी राहू नकोस आता." वऱ्हाडातून आल्यावर सांगते, असं म्हणून मी सटकले होते.

अमरावतीला माझी मावसबहीण सुषमा राहते. दुसऱ्या दिवशी तिने मला बसने भातकुलीला नेलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि बोंडं फुटलेली पऱ्हाटी (कपाशी). तिथे तिच्या ओळखीच्या शोभाताई राहतात. लग्नकार्यात लांब रोट्या करायला त्यांना गावोगावची बोलावणी येतात. त्या दिवशी त्यांच्याच घरी मुलीच्या सासरची मंडळी जेवायला होती.

अंगणातल्या चुलीवर माठ उपडा घातलेला. परातीतली कणीक इतकी सैल, की आपल्याकडे ती बिघडली म्हणून बोंब झाली असती. शोभाताई ओल्या हाताने गोळा उचलत, या हातावरून त्या हातावर घेत पार कोपरापर्यंत लांबवत आणि फट्‌कन माठावर टाकत. मी आ वासून बघत राहिले.

"मला जमेल का हो?"

"ताई, तुझा हात!" सुषमा ओरडली. झालं! तेवढ्यानेच मला चेव आला. मनाशी ठरवलं, एक रोटी या हातांनी करायचीच. जमली तर पुण्यात राहायचं, नाही तर मुकाट्याने बंगळुरू गाठायचं. वेडेपणा म्हणाल. म्हणा खुशाल! पण व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू दाबत बसण्यापेक्षा मला ही परीक्षा पटली.

पहिली रोटी माठापर्यंत पोचलीच नाही. शोभाताईंनी ते लोंबते तुकडे भाजले आणि माझ्या ताटात टाकले. "फाटकी रोटी पाहुण्याले नाई देत आमी. जिनं फाडली, तिनंच खायाची." सोबत वांग्याची झणझणीत भाजी, वर सांबार (कोथिंबीर). खाल्ली. दुसरी फाटली, तीही खाल्ली. तिसऱ्या वेळी मनगटातून अशी कळ गेली, की परक्या अंगणात माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. खोली रंगवून घेतली ते बरंच झालं, असंही वाटून गेलं.

"काहून रडून राहिल्या बाप्पा?"

"हात दुखतोय."

"मंग सारा भार उजव्यावरच काहून टाकता? डाव्यानं लांबवा, उजव्यानं नुसतं झेला. अन् मंधात (मध्येच) थांबू नका. फाटन तं फाटन!"

चौथा गोळा डाव्या हाताने लांबवला. उजवा नुसता झेलत होता. न थांबता माठावर टाकला. रोटी पसरली! कडेला अंगठ्याएवढं भोक पडलं होतं. मी गुमान माझं ताट पुढे केलं. शोभाताईंनी भोकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रोटीची घडी घातली आणि तरातरा ओसरीवर जाऊन ती थेट व्याह्यांच्या ताटात वाढली. माझा जीव टांगणीला! व्याह्यांनी घास घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, "अजून एक येऊ द्या."

मी सुषमाला मिठीच मारली, कणकेच्या हातांनी. तिची साडी गेली कामातून.

परतीची गाडी बडनेऱ्याहूनच होती. स्टेशनला जाताना रिक्षा कापसाच्या गाड्यांमागे अडकली. रिक्षावाला शिव्या घालत होता, आणि मी मात्र मांडीवर हात ठेवून बोटं उघडमीट करत होते. मनगट सुजलं होतं. ते पहिल्यासारखं होणार नाही, हे मला त्या गर्दीत स्वच्छ कळलं. आश्चर्य म्हणजे, त्याचं वाईट वाटेना.

पुण्याला पोचून घराचं कुलूप काढत होते, तेवढ्यात मुलाचा फोन आला. "आई, तुझ्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे लावू?"

"तुला आवडतील ते लाव. नाताळात चार दिवस पाहुणी म्हणून येईन."

तो म्हणाला, "आणि हात?"

"दुखतो रे. पण माझाच आहे, चालवून घेईन."