आधी झाकण, मग झोका

मीराच्या बाबांबद्दल लिहायचं मी अकरा वर्षं टाळलं. कुणी विषय काढला, की मी चहाचं विचारायचो. आता माझंही वय झालं. जे घडलं ते लिहून ठेवतो.

कात्रजच्या आमच्या सोसायटीत ते रोज साडेचारला मुलीला घेऊन खाली उतरत. बागेत आले की आधी कोपऱ्यातल्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीकडे जात आणि तिच्या लोखंडी झाकणावर टाच आपटत. खालून पोकळ आवाज घुमे. झाकण हललं नाही की म्हणत, "आधी झाकण, मग झोका." मग चार वर्षांची मीरा आणि तिच्यामागे बाकीची पोरं झोक्याकडे पळत.

बायको नोकरी करी, घर आणि मूल ते सांभाळत. मीराच्या दोन वेण्या इतक्या एकसारख्या घालत, की बायका कौतुकानं बघत. मी सोसायटीचा चिटणीस, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला. मला ते बघवत नसे. जिन्यात भेटले की विचारायचो, "काय वहिनी, आज कुठली भाजी?"

ते चिडत नसत. "दोडका. शिरांची चटणी करतोय. काकूंना देऊ पाठवून?"

चटणी यायची. मी खायचोही.

उन्हाळ्यात पाण्याचे टँकर सुरू झाले. एकदा ते म्हणाले, "काका, टँकरवाले झाकण अर्धंच सरकवून जातात. कडी तुटलीय. कुलूप लावून घ्या."

"लेखी द्या," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मीराच्या वहीच्या चौकटीच्या कागदावर लेखी आलं. मी ते फाइलला लावलं आणि विसरलो.

त्याच आठवड्यात दोघातिघांची कुजबुज कानावर आली, की हा पुरुषमाणूस रोज बायकामुलांत बसतो. बायकांची काही तक्रार नव्हती. पण माझ्या पाट्यांचं तेव्हा कौतुक होई. मी लिहिली: 'चार ते सहा बाग मुलांसाठी व त्यांच्या आयांसाठी. रिकाम्या पुरुषांनी आपले रिकामपण घरीच घालवावे.'

लोक हसले. मीराच्या बाबांनी मात्र पाटी दोनदा वाचली. "मग झाकण कोण बघणार?"

"आया आहेत की इतक्या!"

त्यानंतर मीरा शेजारणीबरोबर खाली येई आणि ते तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे राहत. टाचेचा आवाज बंद झाला. साडेचार वाजले की माझे कान उगाच तिकडे लागत.

नवव्या दिवशी टँकर येऊन गेला. मी बागेत बाकावर पेपर वाचत होतो. पाटी लिहिणाऱ्याला पाटी लागू नसते. एवढ्यात वरून ओरडणं आलं, "झाकण! काका, झाकण!"

मी त्यांच्याकडे बघितलं. झाकणाकडे नाही.

तीन मजले उतरून त्यांनीच टाकीत उडी घेतली आणि मीराला वर दिलं. ती वाचली, पण बरेच दिवस दवाखान्यात होती. तिची आजी सोसायटीच्या दारात सगळ्यांदेखत म्हणाली, "बाप्याच्या हाती पोर दिलं की असंच व्हायचं!" ते म्हणाले, "मी खाली नव्हतो, हे खरं आहे."

चौकशीला आलेल्या माणसानं मला विचारलं, "झाकणाबद्दल आधी कुणी सांगितलं होतं?"

"नाही," मी म्हणालो. तो कागद मी आदल्या दिवशीच फाडला होता. ते शेजारीच उभे होते.

महिन्याभरात आजी मीराला घेऊन गेली. त्यांनी येरवड्याकडे कुठेतरी नोकरी धरली. पुढे संसारही मोडल्याचं कळलं.

गेल्या वर्षी कसबा पेठेत ते दिसले. गल्लीतल्या गटाराच्या झाकणावर त्यांनी टाच आपटली, क्षणभर ऐकलं आणि पुढे निघाले. मी हाक मारली. मीराचं विचारलं.

"आजीकडेच असते. सुट्टीत येते. आता वेण्या घालू देत नाही."

काय बोलायचं ते मी दहा वर्षं घोकलं होतं. तोंडातून निघालं, "आज कुठली भाजी?"

तेव्हाही ते चिडले नाहीत. "एकट्याला कसली भाजी, काका," म्हणाले आणि गर्दीत गेले.

तुमचा कागद मला मिळाला होता, माझं चुकलं. एवढंच म्हणायचं होतं.