क्वेंकातल्या खोलीत उतू गेलेलं दूध

मी नववी नापास. भुताखेतांवर विश्वास ठेवायला पण थोडं डोकं लागतं, ते आपल्याकडं नाही... म्हणून कधी ठेवला नाही.

अमेरिकेत फ्रीमाँटला एका हॉटेलच्या किचनमध्ये मी पोळ्या लाटतो. शेजारच्या शेगडीवर लुईस. त्याचं गाव क्वेंका – तिकडं इक्वाडोरमध्ये, डोंगरात. त्याच्या फोनवर ते बघून आमची मंदा पार वेडी झाली. दगडी रस्ते, निळे घुमट, मधून नदी, बारा महिने ना ऊन ना थंडी. रिटायर झालेले गोरे तिथं जाऊन राहतात म्हणे.

मंदा म्हणायची, "अहो, आपण पण जाऊ. इथं मी नुसता पार्किंग लॉट बघत बसते."

"जाऊ की, मार्चमध्ये." असे चार मार्च गेले. शेवटी तिथल्या लुईसच्या मावशीकडं खोली ठरवली – आणि मंदा आजारी पडली. हॉस्पिटलमध्ये पण विचारायची, "खोली ठेवलीय ना?"

ती गेली. तेरावं झाल्यावर मी लुईसला म्हटलं, "मावशीला फोन लाव, खोली कॅन्सल कर. कारण सांगू नको, यार." दुपारची वेळ, पुढ्यात भांड्यांचा ढीग.

बोलता बोलता लुईस पांढराफटक पडला. किचनमध्ये शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "भैया, मावशी विचारते, कॅन्सल का? बायको तर काल आली."

मी हसलो. मला वाटलं, गंमत चाललीय.

"साडी, वर स्वेटर, पांढरे बूट. बूट दाराबाहेर काढले. हातानंच बोलते. दोन बोटं दाखवली, रस्त्याकडं हात केला, मनगटावर टिचकी मारली... नवरा येतोय, पण लेट."

मावशीनं मंदाला कधी पाहिलेलं नाही. आणि मंदाचे पांढरे बूट तर आमच्या घरी, दाराशीच होते.

"आल्या आल्या दूध मागितलं. शेगडीवर ठेवलं नि बघत उभी. सगळं उतू गेलं तरी गॅस बंद करेना. वर हात जोडते. मावशी चिडलीय, शेगडी कोण पुसणार?"

नव्या घरात दूध उतू जाऊ देतात, हे मी लुईसला कधीच बोललो नव्हतो. फ्रीमाँटच्या घरात मंदानं तसं केलं तेव्हा धुराचा अलार्म वाजला होता, आणि मीच तिच्यावर ओरडलो होतो.

"भैया, मावशी विचारते, तिला काय सांगू?"

थांब म्हणावं, येतो म्हणावं, निदान तिला फोन दे म्हणावं! पण मी पडलो घाबरट... तोंडातून निघालं, "सांग, कॅन्सल."

तासाभरानं अक्कल आली. लुईसकडून परत फोन लावला. मावशी म्हणाली, सांगितलं तिला. तिनं शेगडी पुसली, बूट घातले आणि गेली.

कुठं, ते कुणाला माहीत नाही. लुईस आईची शपथ घेतो, चेष्टा नव्हती. शिकलेल्यांना विचारलं तर ते माझ्याकडंच बघतात. मला तर काहीच कळत नाही.

खोली मी परत ठेवलीय. कोणी आलं का, हे विचारायला लुईस दर रविवारी फोन लावतो. मी मान खाली घालून पोळ्या लाटत ऐकतो. मावशी एकच शब्द बोलते. तेवढं स्पॅनिश आता मला लुईसशिवाय कळतं.