दोन डोळ्यांची कांडी

माणसाचं बेणं लावता येतं म्हणे, ही बातमी आमच्या घरात आली ती दूधकट्ट्यावरून. कोल्हापुरात कुठलीही गोष्ट आधी दूधकट्ट्यावर येते, मग घरात. म्हशी ओळीनं बांधलेल्या, समोर धार काढून फेसाचा ग्लास हातात दिलेला, आणि तो पितापिता जगाचा निकाल लावायचा. आमचे वडील हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. पेपरात काही अवघड छापून आलं की लोक त्यांना तिथंच गाठायचे, "गुरुजी, ह्ये काय लिवलंय सांगा."

त्या दिवशी लिहिलं होतं ते असं, की परदेशात कुणा श्रीमंत माणसानं स्वतःचीच हुबेहूब प्रत मूल म्हणून जन्माला घालून घेतली. आईबापाचं मिळून नव्हे, त्याच्या एकट्याचं. खरं की खोटं, ते पेपरवाल्यालाही ठाऊक नव्हतं. सत्तरच्या दशकातली अखेरची वर्षं ती, 'क्लोन' हा शब्द कुणाच्या जिभेवर बसेना. शेवटी वडील म्हणाले, "आपण ऊस बी पेरून लावतो का? कांडी लावतो. म्हणजे उगवतो तो तोच ऊस. तसंच हे माणसाचं."

"म्हंजे बेणंच की वो!" कट्टा ओरडला, आणि मग काय विचारता!

आमच्याकडं बेणं म्हणजे लावणीची उसाची कांडी, आणि बेणं म्हणजे इरसाल माणूससुद्धा. त्यामुळं सगळ्यांना ऊत आला. "एका बेण्यानं गल्ली हैराण केलीया, आनि त्येचंच लावायला निघाल्यात व्हय?" एकजण म्हणाला, तालमीतल्या पैलवानाचं बेणं लावा. दुसरा म्हणाला, "आन त्येला खायाला तुझा बा घालणार?" एका म्हाताऱ्यानं ग्लास आपटून सांगितलं, ह्यो देवाच्या कामात हात घालायचा धंदा हाय, वाटोळं हुईल. एवढ्यात धार काढणाऱ्यानं विचारलं, "पर त्या पोरानं आई कुणाला म्हणायचं?"  वडील हसतहसत घरी आले आणि हे सगळं त्यांनी आईला सांगितलं.

सांगायला नको होतं. माझी बहीण जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

आम्ही जुळ्या. नाक, डोळे, आवाज, चालणं, सगळं एक. पेठ वडगावला आमचा मामा ऊस करायचा. उसाच्या पेऱ्याजवळ जो कोंब फुटतो त्याला डोळा म्हणतात, आणि दोन डोळ्यांची कांडी लावली की एकीतनं दोन ऊस येतात. आम्ही दिसलो की मामा लांबूनच ओरडायचा, "आली बघा दोन डोळ्यांची कांडी!" मास्तरीण बाई चुकायच्या, वडीलही चुकायचे. आई एकदाही चुकली नाही. पाठमोऱ्या असलो तरी चुकायची नाही. बहिणीला भाकरीवर लोणी-साखर लागायची आणि मला हिरव्या मिरचीचा खर्डा, तोही असा की नाकातनं पाणी यावं. आई न विचारता जिचं तिच्या ताटात वाढायची.

अकरावीला असताना बहीण काविळीनं गेली. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. पिवळी झाली, ग्लानीत गेली, गेली.

दिवसकार्याला येणारी प्रत्येक बाई आईला एकच सांगायची, "एक गेली तर गेली बाई, तश्शीच दुसरी हाय की डोळ्यासमोर." आणि सगळ्याजणी मान वळवून माझ्याकडं बघायच्या.  मी पाण्याचे तांबे भरून देत राहिले.

मग आईनं एकदा मला बहिणीच्या नावानं हाक मारली. तोंडातनं गेलं असेल म्हणून मी ओ दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वडिलांनी चारदोनदा दुरुस्त केलं, "अगं, ही ती नव्हे." आई त्यांच्याकडं नुसती बघायची. मग त्यांनीही सोडून दिलं. माझ्या भाकरीवर लोणी-साखर यायला लागली आणि मी ती खायला लागले. तिची हिरवी रिबीन आई माझ्या वेणीत घालायची, मी डोकं पुढं करायची. राग यायला पाहिजे होता ना? नाही आला. रडूही नाही आलं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात आणि जबडा आपला वाटतच नाही, तसं सगळं अंगच झालं होतं. माझं नाव घरात कुणी घेत नव्हतं, आणि खरं सांगू, मला त्याची आठवणही होत नव्हती.

बातमीच्या दिवसापासून आई मात्र बदलली. भांडी घासताना मधेच थांबायची. माझ्याकडं बघायची, तोंडाकडं नव्हे, हाताकडं, बोटांकडं, मानेकडं. पुढच्या रविवारी मामा वडगावहून गुळाची ढेप घेऊन आला. लावण नुकतीच उरकली होती, त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आईनं चहा दिला आणि खाली बसून विचारलं, "दादा, नांगी पडली तर काय करतोस?"

लावलेल्या सरीत एखादी कांडी उगवत नाही, तिथं मोकळी जागा राहते, तिला नांगी म्हणतात. मामाला वाटलं, आई शेतीची विचारपूस करतेय. खूश झाला तो. "नांगी भरून घ्यायची. त्यात काय?"

"बेणं कुठनं आणतोस त्येला?"

"लांब कशाला जायाचं? शेजारचाच ऊस, त्येच वाणाचा, निरोगी बघून."

आईनं माझ्याकडं बघितलं. मामानंही बघितलं, आणि त्याचा कप हातातच राहिला.

आई वडिलांकडं वळली. "अवो, मग हिचं बेणं घिऊन तिला करता येतंय का?"

दुसरा कुणी असता तर गप्प बसवलं असतं आईला. आमचे वडील पडले मास्तर. प्रश्न आला की उत्तर द्यायचं. ते म्हणाले, "तसं बघितलं तर दोघी एकाच बीजाच्या. हिचं काय नि तिचं काय, वेगळं नाहीच. पण ते तान्हं मूल असेल. त्याला आधीचं काही आठवणार नाही. आणि माणसाचं असलं काही अजून कुणाला जमत नाही गं, ती बातमी खोटीच असणार."

"ते राहू द्या," आई म्हणाली. "जमलं समजा. मग जी यील ती कशी असंल?"

"अशीच." वडिलांनी माझ्याकडं हात केला आणि लगेच मागं घेतला.

मी दाराशी उभी होते. मला त्या वेळी एवढंच वाटलं की करायचं असेल ते करा, बेणं काढायचं असेल तर काढा, मला काही दुखणार नाही.

 मग आई म्हणाली, आवाज न चढवता, "तर मग वरीसभर ही हाय की माझ्याम्होरं. तिचं खाणं घाटलं, तिची रिबीन घाटली, तिच्या नावानं हाका मारल्या. वाट बघालोय मी. हिच्यातनं ती अजून कशी निघाली न्हाय?"

मामानं चष्मा काढून पुसला. 

"न्हाय यायची ती," आई म्हणाली. "नांगीच ती. भरत न्हाय."

ती उठली, आत गेली. परातीत भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. थोड्या वेळानं आतनं हाक आली. मी हलले नाही, कुणाला तरी बोलावतेय असं वाटलं. मामानं माझ्या खांद्याला हात लावला, "पोरी, तुला बोलवालीया." हाक पुन्हा आली तेव्हा कळलं, नाव माझं होतं. ओ द्यायची सवय इतकी मोडली होती की तोंड उघडायला वेळ लागला.

आत गेले. आईनं ताटात भाकरी ठेवली होती, शेजारी लोण्याचं भांडं होतं आणि खर्ड्याचं. दोन्हीवरची झाकणं तशीच. तिनं माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. न विचारता वाढणारी माझी आई, घरी आलेल्या पाहुणीला विचारावं तसं हळूच म्हणाली, "तुला खर्डा लागतोय न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. आणि बहीण गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू फुटलं, ते काही केल्या थांबेना.