एकोणीस मिलिमीटर

प्रतापराव अण्णांना 'झालं' हा शब्द चालत नाही. मी लॅपटॉप मिटून "झालं, अण्णा" म्हटलं की ते चष्म्यावरून माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "काय झालं?" मग पुढचे दोन तास काहीच होत नाही.

ते अपघात झालेल्या गाड्यांचे सर्व्हेयर आहेत. विमा कंपनीचा फोन येतो, अण्णा स्कूटरवरून गॅरेजला जातात, मोडकी गाडी बघतात आणि ती दुरुस्त करायची की टोटल लॉस म्हणून मोडीत काढायची ते अहवालात लिहितात. तेहतीस वर्षं हेच काम. मी निपाणीचा, मेकॅनिकल इंजिनिअर. सर्व्हेयरचं लायसन्स मिळण्याआधी एक वर्ष कुणाच्या तरी हाताखाली काढावं लागतं, ते मी अण्णांकडे काढत होतो.

त्यांचं घराणं बेंगळुरातलं जुनं मराठा. "आमचे लोक शहाजीराजांबरोबर आले," हे ते सिग्नल लांबला की सांगतात, "आणि तेव्हा घोड्यावरनं होसूर रोड गाठायला जेवढा वेळ लागत असेल, तेवढाच आज लागतो." मला ते 'तम्मा' म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. चिडले की 'इंजिनिअर' म्हणतात. त्या फेब्रुवारीत मी बहुतेक वेळ इंजिनिअरच होतो.

कारण ती नारिंगी गाडी. दोन सीटची, जमिनीला चिकटलेली, परदेशी स्पोर्ट्स कार. मालक रणजीत, तिशीच्या आतला, मूळ पुण्याचा, इंदिरानगरात राहणारा, कसल्यातरी ॲपची कंपनी चालवणारा. रविवारी सकाळी होसूर रोडवर कुत्रं आडवं आलं, गाडी दुभाजकावर चढली आणि पलीकडे उतरली. कुत्रं वाचलं. रणजीतचं मनगट मोडलं. गाडी बोम्मसंद्रात नागराजच्या गॅरेजात येऊन पडली.

नियम सोपा आहे. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या पाऊण भागाच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस. आत राहिला तर दुरुस्ती. नागराजला दुरुस्ती हवी होती, कारण असलं काम त्याच्याकडे वर्षातून एकदा येतं. विमा कंपनीच्या धनलक्ष्मी मॅडमना दुरुस्ती हवी होती, कारण ती स्वस्त पडत होती. रणजीतला गाडी डोळ्यांसमोर नको होती. "काका, टोटल करून टाका ना प्लीज. ती बघितली की हात दुखतो," तो गळ्यात अडकवलेला हात दाखवून म्हणायचा. आणि मला फक्त ती फाईल संपवायची होती.

नागराजकडे गाडीचा सांगाडा मोजायचं कॉम्प्युटरवालं यंत्र आहे. मी स्वतः मोजमाप घेतलं. सगळे आकडे तीन मिलिमीटरच्या आत, म्हणजे सांगाडा सरळ. पुढचा भाग, सस्पेन्शन, एअरबॅग बदलायचे. खर्च पाऊण भागाच्या थोडा आत. रंगीत प्रिंट काढून अण्णांना दिली.

"झालं, अण्णा."

"काय झालं?"

त्यांनी स्कूटरच्या डिकीतून पिशवी काढली. पिशवीत एक ओळंबा, सुताची दोरी, दोन टेप आणि रांगोळीची डबी. ती डबी घरून रत्नाबाई अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, कपाटातून उचललेली असते आणि त्यावरून त्यांच्या घरी नेमानं भांडण होतं. अण्णांची पद्धत अशी: गाडीच्या पोटाखाली डाव्या-उजव्या जोडीच्या ज्या खुणा असतात, त्या प्रत्येकीतून ओळंबा सोडायचा, टोक जमिनीला टेकेल तिथं रांगोळीचा ठिपका ठेवायचा. मग गाडी बाजूला ढकलायची आणि ठिपके दोऱ्यांनी जोडून कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तर गाडी सरळ.

"अण्णा," नागराज कळवळून कन्नडमध्ये म्हणाला, "यंत्र अठरा लाखांचं आहे. त्याच्यासमोर रांगोळी काढू नका हो. आणि या गाडीचं पुढचं चाकच नाही, ती ढकलायची कशी?"

"ट्रॉलीवर घे."

"चार माणसं लागतील."

"मग चार बोलाव. मी काय तुझी माणसं मोजायला आलोय?"

पाऊण तास गेला. माणसं आली, ट्रॉली अडकली, कुणाच्या तरी बोटावरून गेली, शिव्या झाल्या. पंखा लावला तर ठिपके उडाले, म्हणून पंखा बंद. मी घामानं भिजून टेपचं एक टोक धरून उकिडवा बसलो होतो आणि मनात म्हणत होतो की कॉलेजात यासाठी चार वर्षं घालवली नव्हती.

डावा कर्ण आणि उजवा कर्ण यांत एकोणीस मिलिमीटरचा फरक होता.

आम्ही परत मोजलं. एकोणीस. टेप बदलून मोजलं. एकोणीस.

अण्णांनी माझी रंगीत प्रिंट खिशातून काढली. "यंत्र आधी मधल्या चार खुणा पकडतं, त्यावरून बाकीचं मोजतं. बरोबर? इथं तीनच दिसतात. चौथी कुठाय?"

"ती वगळली. तिचं रीडिंग जुळत नव्हतं. वाटलं, खुणेत चिखल असेल. तीन तर व्यवस्थित जुळत होत्या."

कॉलेजात आम्हाला हेच शिकवलं होतं: एखादा आकडा फारच वेगळा आला तर तो चुकीचा समजून बाजूला काढा. अण्णांनी प्रिंटची घडी घालून ती परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "चौघांतला एक ओरडतोय, घर पेटलंय म्हणून. आणि इंजिनिअरनी त्यालाच घराबाहेर काढला."

दुभाजकावर चढताना डाव्या दाराखालची तुळई वर आणि मागं दाबली गेली होती. वरून रंगाला ओरखडाही नव्हता. ती ॲल्युमिनियमची, ओढून सरळ करायची नाही, पूर्ण सांगाडा बदलायचा, असं गाडी बनवणाऱ्यांच्याच पुस्तकात लिहिलेलं. सांगाड्याची किंमत धरली की खर्च पाऊण भागाच्या पार पुढे गेला. टोटल लॉस. नागराज हिरमुसला, रणजीत फोनवर "येस!" म्हणाला. मी अहवाल टाइप केला आणि चुकून परत म्हणालो, "झालं."

"इथून पुढंच सुरू होतं," अण्णा म्हणाले.

टोटल लॉस झालेली गाडी मरत नाही, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. ती लिलावात विकली जाते. तिचं आरसी बुक, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, जिवंत असेल तर भंगारवाला भरपूर पैसे देतो, कारण तो ती कुठंतरी ठोकूनठाकून, रंगवून परत विकतो. नोंदणी रद्द केलेली असेल तर ते नुसतं भंगार, किलोवर जातं. नोंदणी रद्द करायचा अर्ज फक्त मालक करू शकतो. सर्व्हेयर शिफारस करतो. ती कुणी वाचत नाही.

अण्णांनी शिफारस केली. दुसऱ्या दिवशी मी सही घ्यायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते अंघोळीला गेले होते. रत्नाबाई अक्कांनी कॉफी दिली आणि माझा चेहरा बघून विचारलं, "फार छळतात का रे?"

"एका गाडीवर सोळा दिवस, अक्का."

"एक पांढरी गाडी होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. यांनी टोटल लिहिली, विसरून गेले. वर्षाच्या आत तुमकूरकडनं एका अपघाताचं काम आलं. हे चेसिस नंबर वाचायला आत वाकले, तर आत यांचंच अक्षर. मार्करनं लिहिलेलं. तीच गाडी. कुणी शाळामास्तरांनी स्वस्तात घेतली होती म्हणे. ते आणि मुलगी." त्यांनी बशी सरळ केली. "तेव्हापासून माझी रांगोळी नेतात. मी भांडते, पण डबी भरून ठेवते. हे त्यांना सांगू नकोस."

शनिवारी रणजीत कागदांवर सह्या करायला गॅरेजात आला. त्याच्या आधी उपेंद्र येऊन बसला होता. उपेंद्र म्हणजे टोटल लॉस गाड्या घेणारा. इस्त्रीचा शर्ट, दोन फोन, गोड बोलणं.

"सर, आरसीसकट द्या," तो रणजीतला म्हणाला. "लिलावात जो भाव येईल तो कंपनी बघेल. वर तुमच्यासाठी वेगळं काहीतरी मी हातात देतो. के. आर. पुरमच्या आरटीओत आपला माणूस आहे, तिथं असली कामं मख्खन होतात."

रणजीतनं अण्णांकडे बघितलं. "काका, मग तो कॅन्सलेशनचा फॉर्म कशाला? माझा त्यात फायदा काय?"

मला वाटलं, आता अण्णा त्या मास्तरांचं सांगतील. मी असतो तर सांगितलं असतं. अण्णांनी सकाळीच ठिपके आणि दोऱ्या परत मांडून ठेवल्या होत्या. त्यांनी टेपचं टोक रणजीतच्या चांगल्या हातात दिलं. "तिथं धर. त्या ठिपक्यावर. स्वल्प अलीकडे. हां. आता दुसरा."

रणजीतनं मोजलं. "एकोणीस एम-एम. बरं, मग? एवढंसं तर आहे."

"तुझ्या दाराखालची पट्टी एकदा वाकली. हा माणूस ती हातोड्यानं सरळ करणार, दिसायला झकास दिसेल. पुढच्या धडकेत ती वाकणार नाही. घडी होईल."

"पण काका, मी थोडीच बसणार आहे त्यात?"

"नाही. तू नाही बसणार," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "सरी, ठीक आहे. तुझी गाडी, तुझी सही. तम्मा, दोरी गुंडाळ. मला बारापर्यंत व्हाइटफील्डला पोचायचंय."

ते खरंच निघाले. मी दोरी गुंडाळत राहिलो, मुद्दाम हळू. एवढ्या दिवसांनंतर असं अर्ध्यावर सोडून जायचं, याचा मला संताप आला होता.

रणजीत त्या ठिपक्यांकडे बघत उभा होता. मग त्यानं उपेंद्रला विचारलं, "दुरुस्त झाली की तुम्ही चालवाल?"

"मी?" उपेंद्र मोठ्यानं हसला. "सर, माझं पोट बघा. मी त्यात मावेन का? माझी आपली स्कूटर बरी."

"नाही, सीरियसली विचारतोय. तुमचा मुलगा?"

"मुलगा कशाला, सर," उपेंद्र म्हणाला. तो अजून हसत होता, पण एक फोन उगाच खिशात घातला. "गिऱ्हाईक असतंच कुणीतरी."

रणजीतनं तोंडानं 'च्क' केलं. "यार, काय वैताग आहे," असं म्हणून त्यानं माझ्या हातातून फॉर्म ओढला आणि डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली. "बँकेत चालणार नाही ही सही. चालेल ना इथं?"

"चालेल," मी म्हणालो आणि दोरी अर्धवट टाकून पार्किंगकडे पळालो. अण्णा स्कूटरवर बसलेले होते, पण त्यांनी ती चालू केली नव्हती. फॉर्म बघून म्हणाले, "तारीख नाही घातलेली."

संध्याकाळी धनलक्ष्मी मॅडमचा फोन आला. अण्णांनी स्पीकर लावला, कारण एका कानानं त्यांना कमी ऐकू येतं.

"प्रतापराव सर, आरसी रद्द झाली की भंगाराला काही भाव येत नाही, सगळा भार आमच्यावर येतो. ती एक ओळ अहवालातून काढली तर मी मालकाशी बोलून बघते."

"मॅडम, ओळ राहील."

"पॅनेलवर बाकीही सर्व्हेयर आहेत, सर. मी वाईट अर्थानं म्हणत नाही."

"चांगल्या अर्थानं कसं म्हणतात हे?" अण्णांनी विचारलं. मी कपाळाला हात लावला. फोन ठेवल्यावर ते माझ्यावरच खेकसले, "बघतोस काय? पाठव रिपोर्ट."

त्या कंपनीकडून त्यानंतर आम्हाला एकही गाडी आलेली नाही. जूनमध्ये माझं वर्ष संपलं.

नोंदणी रद्द करायला आरटीओत तीन फेऱ्या झाल्या. रणजीतनं अधिकारपत्र दिलं होतं. पहिल्या वेळी चेसिस नंबरचा पत्र्याचा तुकडा कापून आणा म्हणाले. तो नागराजनं ग्राइंडरनं कापून दिला, तोंड कडू करून. दुसऱ्या वेळी कापल्यानंतरचे फोटो आणा म्हणाले. तिसऱ्या वेळी खिडकीतल्या माणसानं फोटो बघून विचारलं, "एवढी चांगली गाडी का मोडताय?" अण्णांनी तोंड उघडायच्या आत मी त्यांना मागं ओढलं आणि म्हणालो, "सर, मालकाची इच्छा."

पोचपावती मिळाली. चार दिवसांनी अण्णांच्या घरी बसून सरकारी ॲपवर नंबर टाकला तर समोर आलं: नोंदणी रद्द. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, स्वतःच्या फोनवर नंबर टाकून परत वाचलं.

"दोन्हीकडे तेच दाखवतंय," ते म्हणाले.

"तेच दाखवणार ना, अण्णा. सर्व्हर एकच आहे."

"असू दे. तुझ्या अक्काचा फोन आण आतून."